आप्पांची उजवी दाढ

समोर ज्वारीचं पोतं असो, तुरीचं असो, नाहीतर कुणाच्या लग्नातलं अक्षतांचं ताट असो, आप्पा त्यातला एक दाणा उचलणार, तोंडात उजवीकडं सारणार, डोळे मिटणार आणि 'कट्' असा आवाज आला की निकाल देणार. "वल हाय," नाहीतर "वाळलीय." तिसरा निकाल त्यांच्या कोर्टात नव्हता. अक्षता डोक्यावर टाकायच्या असतात, चावायच्या नसतात, हे त्यांना सांगायची छाती कुणाला नव्हती. भर मांडवात कुंकवानं जीभ लाल झालेले आप्पा मी या डोळ्यांनी पाहिलेत.

आप्पा लातूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, आडते; शेतकऱ्याचा माल आडत घेऊन, म्हणजे दलालीवर, विकून द्यायचा हा धंदा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पांढरंशुभ्र धोतर आणि शेजारच्या गल्लीतल्या भांडणात घरबसल्या भाग घेता येईल असा आवाज. माल ओला निघाला तर पोत्यामागं वजन कापायचं अशी मोंढ्याची रीत. कापायचं की नाही हे आप्पांची उजवी दाढ ठरवायची. शेतकरी ओरडायचे, खरेदीदार कुरकुरायचे, पण शेवटी दोघंही मान हलवायचे. आप्पांची दाढ कुणाचीच सोयरी नाही, असा तिचा लौकिक होता.

मी नांदेडचा. लातूरचा नवा जिल्हा झाला, नवं कलेक्टर ऑफिस उघडलं, तेव्हा इकडून तिकडून टेबलं, कपाटं आणि कारकून गोळा करण्यात आले, त्यातला मी एक. आप्पांच्या माडीवर मला भाड्यानं खोली मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पोत्यासारखं खालीवर न्याहाळलं आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "पोरगं बरं हाय. वल हाय अजून." माझं लग्न व्हायचं होतं, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हापासून मी त्यांचा 'नांदेडकर' झालो.

जिल्हा झाल्याचा आनंद पुढाऱ्यांना झाला असेल तेवढाच आप्पांना झाला होता. गटार तुंबलं, बस चुकली, चहा महागला, तरी त्यांचं एकच. "आता जिल्हा हाय आपला." चहावाल्याशी मी घासाघीस करायला लागलो की मलाच दटावायचे. "द्या की ओ. जिल्ह्याचा चहा हाय त्यो!"

आता जिल्हा आला खरा, पण पावसानं पाठ फिरवली. नळाला पाणी कधी येणार ते नळालाही ठाऊक नसायचं. आप्पा डगमगले नाहीत. "आधी जिल्हा येतो नांदेडकर, पाणी मागनं येतं."

पाण्याच्या आधी दातांचा डॉक्टर आला. त्यापूर्वी दात दुखला की लवंग धरायची, ती हरली की सोलापूर गाठायचं, नाहीतर जत्रेत सांडशी घेऊन बसलेल्या माणसापुढं जबडा वासायचा. हा डॉक्टर तरुण, पुण्याकडून शिकून आलेला. सायकलच्या दुकानावर त्याचा दवाखाना. दारावर त्यानं पाटी लावली होती, 'चूळ भरण्यासाठी पाणी घरून आणावे.' चुळीला तो तरी कुठून पाणी आणणार?

जिल्ह्याचा डॉक्टर म्हणजे आपलाच डॉक्टर, असं आप्पांनी ठरवून टाकलं. गल्लीत कुणाचाही गाल सुजला की आप्पा तांब्याभर पाणी घेऊन त्याच्या दारात हजर. "चला. घाबरायचं न्हाई. मुंगी चावल्यावानी वाटतं." पेशंटला जिन्यावरून ते असे वर घेऊन जायचे की पळून जायची सोय उरत नसे. स्वतः मात्र त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. मुंगीचा दाखला त्यांनी कुठून मिळवला होता, देव जाणे.

माझी पाळी आली तेव्हा नेमकी वीज गेली. डॉक्टरकडं दात कोरायचं एक पायानं चालवायचं जुनं यंत्र होतं, शिंप्याच्या मशीनसारखं. "तुम्ही तोंडाचं बघा डाक्टर, पायाचं माझ्यावर सोडा," म्हणत आप्पांनी पायडलवर पाय ठेवला. इथवर ठीक होतं. पण माझं मन रमवावं म्हणून त्यांनी गोष्ट काढली ती जिल्ह्याची. उस्मानाबादच्या हाताखाली होतो तेव्हा किती खेटे घालावे लागायचे, यावर ते आले आणि त्यांचा पाय तापला. दाढेत वावटळ शिरली. मी "आँ आँ" करत होतो आणि आप्पा म्हणत होते, "बघा डाक्टर, नांदेडच्या माणसाला बी पटायलंय!"

असे आप्पा. आणि एके दिवशी त्यांचे सोमवार वाढले.

म्हणजे असं, की सोमवारचा उपास ते आधीपासून करायचे. आता मंगळवारीही भाकरीला हात लावीनात. बुधवारी नुसतं ताक. मोंढ्यात दाणा उचलायचे, पण 'कट्' झालं की निकालाआधी त्यांचा उजवा डोळा बारीक व्हायचा. माझ्या ते लक्षात आलं होतं. विचारलं तर म्हणाले, "धूळ गेली." मग गाल असा फुगला की धूळ म्हणायचीही सोय राहिली नाही. शेवटी आक्काच, म्हणजे त्यांच्या मंडळी, माडीवर आल्या. "नांदेडकर, तुम्ही तरी न्या ओ ह्यांना. भिंतीला गाल लावून बसतेत. जगाला घेऊन जातेत आन सोता भित्यात."

मी एकटा नेणार होतो. पण आप्पा दवाखान्यात निघाले ही बातमी गल्लीत फुटली आणि ज्याला ज्याला त्यांनी त्या जिन्यावर चढवलं होतं, तो प्रत्येक जण तांब्या घेऊन बाहेर पडला. घागरभर पाण्यासाठी बायका पहाटे उठून जीव काढत होत्या ते दिवस. तरी प्रत्येकाच्या हातात भरलेला तांब्या. काहींना आप्पांच्या प्रेमाचं भरतं आलं होतं, काहींना नुसती गंमत बघायची होती. मी दोन्हींत होतो.

"एवढ्या पाण्यात आंघोळ होईल आप्पा," डॉक्टर म्हणाला.

आप्पा हसले नाहीत. खुर्चीवर टेकले आणि सौद्याला बसले. "डाक्टर, शेजारची काढा."

"दुखते तीच काढावी लागते."

"मग डावीकडच्या सगळ्या काढा. डावी बाजू अडाणी हाय, तिला भाकरीबिगर काय कळत न्हाई. हिला राहू द्या."

बाहेर जिन्यावर लोक खिदळले. मग आप्पा आवाज खाली आणून बोलले. त्यांचा खालचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "ही गेली तर मी मोंढ्यात बसून करू काय?"

डॉक्टरनं चेष्टा केली नाही. पू जबड्यात उतरायला लागलाय, आता थांबलात तर जिवावर बेतेल, एवढंच त्यानं सांगितलं. आप्पांनी माझा हात धरला. सुई आत गेली.

"मुंगी चावल्यासारखं ना, आप्पा?" मी म्हणालो. इतक्या दिवसांचं उसनं फेडायची संधी कोण सोडेल?

"मुंगीला... शिंगं आसत्यात व्हय?" आप्पा कण्हले.

दाढ निघाली. आप्पांनी ती मागून घेतली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि उजेडात धरली. वरून धड दिसत होती, पण बाजूनं पोखरून आत नुसती पोकळी झाली होती. ती बघून त्यांचा चेहराच उतरला.

"कधीपासनं आशी हाय ही?" तोंडातल्या बोळ्यातून त्यांनी विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी झाली असतील," डॉक्टर सहज बोलून गेला.

दोन-तीन वर्षं म्हणजे दुष्काळाची सगळी वर्षं. माणसं कोरड्या रानातून ओंजळभर पिकवून आणत होती, आणि ही पोकळ दाढ त्यावर 'वल हाय' म्हणून वजन कापत होती. खरं की खोटं, आता कोण सांगणार? आप्पा ती दाढ मुठीत घेऊन घरी चालत गेले. वाटेत जिल्ह्याचं नावसुद्धा निघालं नाही.

पुढच्या मृगाला पाऊस आला. मूग निघाला आणि मोंढ्यात पुन्हा पोती दिसायला लागली. आता आप्पा काय करतात, याची मला काळजी लागून राहिली होती. लातूरजवळच्या मुरुडचा एक शेतकरी होता, आप्पांशी दर साली कडाकडा भांडणारा. तो मूग घेऊन आला तो बाह्या सावरतच. आप्पांनी दाणा उचलला, उजवीकडं सारला, डोळे मिटले. 'कट्' आवाज आला. तो दाढेचा नव्हता, जिभेनं टाळूवर काढलेला होता. मला कळलं, मापाड्याला कळलं, बहुतेक सगळ्या मोंढ्याला कळलं.

"वाळलाय," आप्पा म्हणाले.

शेतकरी भांडणाच्या तयारीत होता, त्यानं सावरलेल्या बाह्या पुन्हा खाली सोडल्या. "आप्पा, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"का?"

"न्हाई... जरा वल हाय की त्याच्यात. मलाच ठावं हाय. कालच खळ्यातनं भरलाय."

आप्पांनी मूठभर मूग उचलून पुन्हा पोत्यात सोडला. "आसू दे," ते म्हणाले. "तीन सालानं आलाय. थोडी वल राहू दे त्याच्यात."

त्यानंतर आप्पांच्या दुकानात कधी कुणाचा माल ओला निघाला नाही. माल पुढं वाळून वजनात घट आली की खरेदीदार तिचे पैसे आप्पांच्या आडतीतून कापून घ्यायचे. मोंढ्यात लोक म्हणायचे, दाढेबरोबर म्हाताऱ्याची अक्कलपण गेली. आप्पा ऐकून घ्यायचे. फार झालं तर म्हणायचे, "हाव. दोन्ही किडल्या होत्या."

पुढं माझी बदली नांदेडला झाली. आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते. नंतर एकदा लातूरला गेलो तर त्यांच्या गादीवर मुलगा होता आणि शेजारी ओलावा मोजायचं यंत्र. मूठभर दाणे घातले की त्यावर आकडा येतो. अचूक येतो म्हणे. मी थोडा वेळ बसलो आणि चहा न घेताच उठलो. आप्पा असते तर जिल्ह्याचा चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नसतं.

गेल्या महिन्यात माझीच उजवी दाढ दुखायला लागली. नांदेडचा दवाखाना गारेगार, खुर्ची बटणावर वरखाली होणारी, चुळीचं पाणी पेल्यात आपोआप पडणारं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी फोटो बघितला आणि दाढ काढावी लागेल म्हणून सांगितलं.

"काका, बरोबर कुणी आलंय का?"

मी दाराकडं बघितलं. बाकावर कुणी नव्हतं.

"डॉक्टर, शेजारची काढली तर चालणार नाही का?" मी विचारलं.

त्या खळखळून हसल्या. मीही हसायला गेलो, ते काही जमलं नाही. त्यांनी घाईघाईनं हातातली सुई खाली ठेवली आणि माझ्यापुढं रुमाल धरला.

"अहो काका, रडताय काय? अजून टोचलंसुद्धा नाही मी."