आधी त्यालाच विचारलं

मोहन्याच्या कोळीवाड्यात प्रणितला कुणी मोठा माणूस समजत नाही. नदीवर जाळं टाकायचं सोडून दिवसभर लॅपटॉपपुढे बसतो, एवढीच त्याची ख्याती. पण मोठाल्या फायली लहान करणारं त्याचं एक छोटंसं सॉफ्टवेअर जगभरच्या हजारो सर्व्हरवर चालतं. कोड सगळ्यांना खुला आणि फुकट. कौतुकही फुकटच, तेसुद्धा क्वचित.

दोन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले आणि या बिनपगारी कामाचा ढीग साचला. तेव्हा एलियास नावाचा कुणी परदेशी इंटरनेटवरूनच मदतीला आला. चुका दुरुस्त करायचा, गोड बोलायचा, वडिलांची चौकशी करायचा. वाड्यात राबणाऱ्याला घरचा धरतात, प्रणितने तसंच धरलं. तोंडही न पाहिलेल्या माणसाला त्याने कोड बदलायचे, नवी आवृत्ती काढायचे सगळे अधिकार देऊन टाकले.

परवा सकाळी चहा पिता पिता त्याने लोक उतरवून घेतात ती नव्या आवृत्तीची फाईल सहज मूळ कोडशी ताडून पाहिली. एलियासने चढवलेल्या त्या फायलीत चाळीस ओळी जास्त होत्या. त्या सगळ्या सर्व्हरमध्ये गुपचूप शिरायचा तो चोरदरवाजा होता. बायको मेघाली नौपाड्यात ज्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिथेही हेच सॉफ्टवेअर होतं.

"सगळ्यांना सांग आधी," मेघाली म्हणाली.

"अगं, विचारल्याशिवाय चोर कसा म्हणू? वाड्यात पण पहिले घरी जाऊन विचारतात, मग पंचांपुढे नेतात ना?"

"अरे, त्याचं घर कुठेय ते तरी माहितीये का तुला?"

माहीत नव्हतं. तरी या भल्या माणसाने एलियासला सभ्यपणे लिहिलं, की या ओळी तुझ्याकडून चुकून आल्यात का?

दहा मिनिटांनी उत्तर पाहायला प्रणितने सॉफ्टवेअरचं पान उघडलं, तर त्याचे स्वतःचेच अधिकार काढलेले. आता मात्र त्याने वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना कळवलं: नवी आवृत्ती काढून टाका, तिच्यात चोरदरवाजा आहे, चूक माझी आहे. पुरावा म्हणून ती फाईलही जोडली.

लगेच सॉफ्टवेअरच्या अधिकृत खात्यावरून खुलासा आला. 'प्रणितचं खातं चोरीला गेलं आहे. त्याने पाठवलेली फाईल उघडू नका. सर्वांनी आजच नवी आवृत्ती घ्यावी. – एलियास'

खाली लोक एलियासचे आभार मानत होते.