कुंदाताई म्हात्रे आणि खाऱ्या पाण्यात गेलेली शेतं

कुंदाताईंची आणि माझी पहिली भेट भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या एका औद्योगिक गाळ्याच्या वरच्या मजल्यावर झाली. खाली स्टीलच्या डब्यांना कड्या बसवण्याचं काम चालायचं आणि त्या ठोक्यांमुळे प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. मी सिल्व्हर पार्कहून रिक्षाने आले होते, हातात प्रमाणपत्रांची फाइल. एका संस्थेला कागदपत्रं तयार करायला माणूस हवंय, एवढंच मला माहीत होतं. हवामानबदलामुळे पॅसिफिक महासागरातल्या बेटांचं जे नुकसान होतंय, त्याच्या भरपाईसाठी जगाने एक निधी उभारलाय आणि त्या निधीपर्यंत तिथल्या गावांना पोचवण्याचं काम या गाळ्यातून चालतं, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कुंदाताईंनी फाइल न उघडताच बाजूला ठेवली.

"तुमच्या घरात कधी पाणी शिरलंय?"

"हो. परळला तळमजल्यावर राहायचो तेव्हा."

"काय काय गेलं?"

मी गाद्या, फ्रीज, तांदळाचा डबा असं सांगत गेले. त्या नुसत्याच बघत राहिल्या, म्हणून मग म्हणाले, "आईची एक वही गेली. ती ब्लाउज शिवायची. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्या वहीत होती. नंतर तिने मशीन उघडलंच नाही."

"हे शेवटी का सांगितलंत?"

"ते नुकसानीत कोण धरतं?"

"आपण धरतो," कुंदाताई म्हणाल्या. "सोमवारपासून या."

त्या सोमवारपासून आजवर मी त्यांच्यासोबत काम करतेय. त्यांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात माझ्याहून अधिकारी मंडळी लिहिणार आहेत. मी फक्त जे जवळून पाहिलं ते सांगते.

कुंदाताई मूळच्या भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावच्या. घरची खाडीकाठची भातशेती होती. महसूल खात्यात त्यांनी पूर आणि वादळांनंतरच्या मदतीचं काम वर्षानुवर्षं केलं आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन या संस्थेची जबाबदारी स्वीकारली. आमची संस्था लहान, माणसं मोजकी. फिजीमधल्या सहयोगी कार्यालयाने बेटांवरच्या गावांशी बोलायचं, आम्ही त्यांच्या हकिकती आणि कागद जुळवून अर्ज उभे करायचे, आणि निधीच्या समितीने प्रश्न विचारले की उत्तरं द्यायची, अशी कामाची वाटणी होती. रोज सकाळी साडेसातला आमची बैठक असायची, म्हणजे तिकडच्या दुपारी दोनला. फिजीच्या कार्यालयातल्या राजेश्वरीजींचे पूर्वज पाच पिढ्यांमागे भारतातून तिकडे गेलेले. त्यांची तिकडची हिंदी आणि कुंदाताईंची भाईंदरची हिंदी यांचं इतकं छान जमायचं, की कधीकधी आम्हा बाकीच्यांनाच दोघींचं बोलणं उलगडून घ्यावं लागायचं.

कुंदाताईंचा एक नियम मला सुरुवातीला विचित्र वाटला होता. कुठल्याही गावाची हकीकत आली की तिचा पहिला खर्डा मराठीत लिहायचा. मी कुरकुर केली. समितीला इंग्रजी लागतं, मध्ये हा वळसा कशाला? त्या म्हणाल्या, "इंग्रजीत लिहिताना तू चांगलं इंग्रजी लिहिण्याच्या मागे लागतेस. मराठीत लिहिताना ती बाई काय म्हणतेय ते ऐकतेस." महिन्याभरात मला पटलं. माझं इंग्रजीही, खरं तर, त्यामुळेच सुधारलं.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यामुळे कुंदाताई मला खऱ्या अर्थाने कळल्या.

पॅसिफिकमधल्या एका प्रवाळबेटावरचं गाव. तिथे एक मोठा कंद पिकतो, आपल्या अळकुडीच्याच कुळातला, पण माणसाच्या मांडीएवढा होणारा. जमिनीखाली गोड पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा आणि त्या ओलीत तो वाढवायचा. एकेक खड्डा पणज्या-खापरपणज्यांनी खणलेला. त्यात पाचोळा, माती घालत पिढ्या गेलेल्या. एका मोठ्या उधाणाला समुद्र बेटावरून आरपार गेला आणि सगळे खड्डे खारट झाले. कंद कुजले.

अर्जाचा नमुना ठरलेला होता. 'पिकाचे नुकसान' या सदराखाली पिकाचं नाव, क्षेत्र आणि हंगाम. आम्ही माहिती भरली, हंगाम एक असं लिहिलं आणि गावाच्या सहीसाठी पाठवलं. गावाच्या वतीने तेरेसियाबाई बोलायच्या. वय सत्तरीच्या आसपास, गावपंचायतीतली एकमेव बाई. सकाळच्या बैठकीला त्या बेटावरून पडद्यावर आल्या आणि त्यांचं उत्तर राजेश्वरीजींनी हिंदीत सांगितलं.

"गाव सही नहीं करेगा. तेरेसिया बोलती है, इस कागज पे लिखा है कि अगले साल सब ठीक हो जाएगा. नहीं होगा. हम झूठ पे सही कैसे करें?"

मुदत संपायला दहा दिवस उरले होते. फिजीच्या कार्यालयाचं मत पडलं की आत्ता मिळतंय ते घ्यावं, बाकीचं नंतर बघू. मलाही तेच वाटत होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.  मग कुंदाताईंनी एक प्रश्न विचारला, जो त्यांनी विचारायला नको होता. "तेरेसियाला विचारा, इतकं सगळं खारं झालंय, तर गाव दुसऱ्या बेटावर का जात नाही?"

राजेश्वरीजींनी प्रश्न पोचवला. पलीकडे तेरेसियाबाई पडद्यासमोरून उठून गेल्या. बैठक तिथेच संपली.

त्या दिवशी दुपारी कुंदाताई मला म्हणाल्या, "चल, मोरव्याला जाऊन येऊ." आम्ही त्यांच्या थोरल्या भावाकडे गेलो. दादांनी आम्हाला घरामागून खाडीच्या बाजूला नेलं. मोठा सपाट तुकडा होता, वर गवत आणि मिठाची पांढरी साय.

"ही आमची शेती," कुंदाताई म्हणाल्या. "मी चौदा वर्षांची असताना भरतीने बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. पंचनाम्याला तलाठी आले. चांगले गृहस्थ होते, पण त्यांच्या कागदावर रकाना एकच होता, त्या हंगामाचं पीक. तेवढं लिहिलं, बाबांनी अंगठा दिला."

"त्या दिसापासून इथं भाताचा दाना न्हाय," दादा म्हणाले. "बापूस दर साली पेरायचा. बोलायचा, औंदा होईल. पेरायचा नि बघत बसायचा. मग सोडला."

कुंदाताईंनी वाकून ती पांढरी साय बोटाने खरवडली. "आणि मी आज त्या बाईला जायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "बाबांना कुणी असं सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला घरात पाणीसुद्धा विचारलं नसतं."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत कुंदाताईंनी सगळ्यांसमोर तेरेसियाबाईंची माफी मागितली. हातचं राखून नाही, सरळ. "मुझसे गलती हुई. हमारा खेत भी ऐसाच गया था. मेरे पिताजी गाँव छोड़ के नहीं गए. मुझे आपसे ये पूछने का हक नहीं था." राजेश्वरीजींनी भाषांतर केलं. तेरेसियाबाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या वडिलांनी पुन्हा पेरलं होतं का?"

"हर साल," कुंदाताई म्हणाल्या.

"मग तुम्ही इथे या," तेरेसियाबाई म्हणाल्या.

मुदत चुकली. ती चुकू देण्याचा निर्णय कुंदाताईंचा होता आणि त्याबद्दल आमच्याच विश्वस्तांनी त्यांना चांगलंच धारेवर धरलं. एक आलेली संधी गावाच्या हातून घालवलीत, असं स्पष्ट सुनावलं. कुंदाताईंनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्यात त्या विमानात बसल्या. तीन विमानं आणि शेवटी एक मालवाहू बोट. खाडीकाठच्या या बाईंना बोट इतकी लागली, की बेटावर उतरल्यावर पहिला अख्खा दिवस त्या तेरेसियाबाईंच्या चटईवर आडव्या होत्या. तेरेसियाबाई नारळाचं पाणी पाजत होत्या आणि आल्यागेल्याला, ही आपल्याला मदत करायला आली आहे, असं सांगून हसवत होत्या. ही गोष्ट स्वतः कुंदाताई रंगवून सांगतात.

पंधरा दिवस त्या खड्ड्यांच्या काठावर बसल्या. राजेश्वरीजी सोबत होत्या. प्रत्येक घराला त्यांनी विचारलं, हा खड्डा कुणी खणला, कुणाच्या लग्नात यातला कंद निघाला, नव्याने उभा करायचा तर किती वर्षं लागतील आणि तोवर घर काय खाईल. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं गावाने एकत्र बसून काढली. खड्ड्यांना आतून पक्का गिलावा करून काठ उंच उचलायचे, शेजारच्या बेटांवरून रोपं आणायची, आणि नवे कंद हाती येईपर्यंतची सगळी वर्षं धान्याची सोय मागायची.

त्यावर आम्ही पुढच्या मुदतीसाठी नवा अर्ज लिहिला. नमुन्यात हंगामाचा रकाना होता तिथे कुंदाताईंनी लिहायला लावलं, 'सोबतची पुरवणी पाहावी', आणि पुरवणीत प्रत्येक खड्ड्याची हकीकत जोडली. समितीने पहिल्यांदा तो प्रश्नांसह परत पाठवला. आम्ही उत्तरं दिली. दुसऱ्यांदा त्यांनी समक्ष बोलायला बोलावलं. बोलावणं कुंदाताईंच्या नावे होतं. त्यांनी कळवलं की या विषयाच्या जाणकार तेरेसियाबाई आहेत, मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसेन. आणि त्या तशाच बसल्या.

मागितलेलं सगळं मंजूर झालं नाही. धान्याच्या सोयीची वर्षं कमी केली गेली आणि त्यासाठी अजून आमचा पाठपुरावा चाललाय. पण खड्डे उभे राहिले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुढच्या फेरीच्या नमुन्यात 'हंगाम' या शब्दापुढे 'किंवा पूर्ववत होण्यास लागणारी वर्षे' असं छापून आलं. ते पान घेऊन कुंदाताई मोरव्याला गेल्या आणि दादांना वाचून दाखवलं. दादांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "तवा हा रकाना असता तं..."   त्या पावसाळ्याआधी दोघा भावंडांनी गावातल्या पाचसहा घरांना जमवलं, आणि मोरव्याचा बांध पुन्हा बांधून घेण्यासाठी त्यांची खटपट आता सुरू आहे.

एक गोष्ट माझी स्वतःची. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी दहा दिवस पालथं झोपून राहायला सांगितलं. वाचन नाही, फोन नाही, नुसती उशी. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले. कुंदाताई आल्या, पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या कानाशी येईल, आणि दिवसभरात आलेल्या हकिकती वाचायला लागल्या. मध्येच थांबून विचारायच्या, "इथे 'गमावलं' बसेल की 'गेलं'?" मी सांगायची, त्या लिहायच्या. उरलेले सगळे दिवस त्या आल्या. तेव्हा वाटायचं, माझ्यावाचून यांचं किती अडतंय. बरी होऊन कामावर गेले आणि फाइली उघडल्या तेव्हा कळलं, की मला विचारण्याआधीच त्या सगळ्या हकिकती लिहून पाठवून झालेल्या होत्या.

या ग्रंथासाठी दोन ओळींच्या शुभेच्छा मी तेरेसियाबाईंकडे मागितल्या होत्या. राजेश्वरीजींमार्फत त्यांचा निरोप आलाय. त्यांच्याकडे मानाच्या माणसासाठी एक कंद वेगळा राखतात. तो लवकर काढत नाहीत, दहापंधरा वर्षं जोपासतात आणि मग गावजेवणात त्याच माणसाच्या हाताने फोडतात. नव्या खड्ड्यांपैकी पहिल्या खड्ड्यात त्यांनी असा एक कंद कुंदाताईंच्या नावाने लावलाय. "तो तिच्या पंचाहत्तरीला तयार होईल," त्यांनी सांगितलंय. "तोपर्यंत मी नसले तर माझी नात फोडायला मदत करेल. पण कुंदाने यायचंच आहे, आणि स्वतःच्या दातांनी खायचंय."

कुंदाताई, निरोप पोचवला. गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या आणि सकाळची बैठक झाली की चालायला जात जा. पुढची पंधरा वर्षं तुम्हाला निरोगी, खणखणीत आणि अशीच हट्टी मिळोत, आणि त्यापुढचीही. बेटावर तुमचं पान वाढलेलं असेल. तुमच्यासोबत यायची माझी तयारी आहे.