तुमी हिच्यासंगंच बोला

परवा यवतमाळला रक्त तपासून घ्यायला गेले होते. तिथल्या मुलीने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला माझी वणीतली पहिली नोकरी आठवली.

लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून मी एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये काम मागायला गेले होते. सोबत अब्बा होते, ट्रकांच्या गॅरेजमधून थेट आलेले, कपड्यांना ग्रीसचा वास. डॉक्टरांनी पगार सांगितला. काम सोडून गेलेल्या मुलाला त्याहून बराच जास्त मिळायचा, हे मला ठाऊक होतं.

"सर, त्याच्याइतका द्याल का?" मी विचारलं.

"त्याच्यावर घर चालायचं. तुझे वडील तर कमावतात," डॉक्टर अब्बांकडे पाहत म्हणाले.

अब्बा उठले. "साहेब, नोकरी हिले करायची हाये. तुमी हिच्यासंगंच बोला. मी बाहेर बसतो."

मला एकटं टाकून गेले म्हणून तेव्हा त्यांचा रागच आला. आज माझी लेक नोकरी शोधते आहे, तेव्हा कळतं, त्या खुर्चीतून उठणं त्यांना किती जड गेलं असेल.

मी डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "सर, काम तर मला तेवढंच करावं लागेल ना?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "ठीक आहे, तेवढाच देतो. सोमवारपासून ये."

मी दार उघडलं. बाहेरचा बाक रिकामा होता. अब्बा दाराला लागूनच उभे होते.

"काय म्हणे साहेब?" त्यांनी विचारलं, पण सगळं ऐकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.