आईचा निशिगंध

देवळाबाहेर निशिगंधाचे हार दिसले, की मला मखमलाबादच्या घरातली ती सकाळ आठवते. आईने जन्मभर फुलं पिकवली, पण शेवटी शेवटी ती सारखी म्हणायची, "आताच्या फुलांना वासच नाय." आम्ही खतांना दोष देऊन मोकळे झालो. तिला वृद्धाश्रमात ठेवायचं का, हे आम्ही भावंडं तिच्या नकळत दिवाळीनंतर ठरवणार होतो. त्या सकाळी दार ढकललं, तर घरभर गॅसचा वास. शेगडीचं बटण चालूच, आणि आई देवापुढे हातात काडीपेटी घेऊन बसलेली. मी काडीपेटी हिसकावली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. ती चिडली, "अगं, दिवा तर लावू दे!" "आई, तुला वास येत नाही?" तिने परडीतला निशिगंध उचलून हुंगला, परत हुंगला, आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कधी न्यायचं ठरवलंय मला?" आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो नाही. हल्ली माझ्या ओट्यावर निशिगंधाची एक दांडी असते. सकाळी उठले की आधी मी ती हुंगते, वास आला की मगच गॅस पेटवते.