सुरंगीचं गाऱ्हाणं

त्या वायरमनचं नाव मला कधीच कळलं नाही. हे बोटीवरून रजेवर येताना विजेवर उघडणारं फाटक घेऊन आले होते. तेव्हा आमच्या आळीत तसं कुणाकडेच नव्हतं. जमिनीखालून तार न्यायला यांनी आखलेला चर माझ्या सुरंगीच्या मुळांतून जात होता. मला बोलवेना. मी चहा देताना वायरमनने माझे भरलेले डोळे पाहिले.

खणण्याआधी त्याने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, वयनीच्या सुरंगीच्या मुळाला धक्का लागू देऊ नको रे म्हाराजा!"

रीतीप्रमाणे हे हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि चमकले. "अरे, मग चर?"

"आता वळवायलाच पायजे, दादा. देवासमोर तुमीच व्हय म्हटलाव."

हे हसत सुटले. माझ्या मनातलं इतक्या मोठ्याने कुणी बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.