एका हाताचं खाणं

वरच्याचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. गजर साडेचारचा लावलेला असे, पण गेले वर्षभर तो वाजायच्या आधीच त्याला जाग यायची. अंथरुणात पडल्यापडल्याच तो उजव्या हाताची बोटं भिंतीला अलगद टेकवायचा आणि श्वास रोखून ऐकायचा. नखं भिंतीवर वाजली नाहीत की उठायचा. बायको शेजारी झोपलेली असायची. तिला यातलं काही माहीत नाही अशी त्याची समजूत होती.

तो मालाच्या यार्डात क्रेन चालवायचा, म्हणून सगळे त्याला वरचा म्हणत. खाली उभा राहून त्याला हातानं इशारे देणारा जोडीदार, तो खालचा. सतरा वर्षांची जोडी. दिवसभर एकमेकांकडे बघायचे आणि तोंडानं एक शब्द बोलायचे नाहीत. "एवढा संसार बायकोशी केला असता तर कधी भांडण झालं नसतं," असं खालचा म्हणायचा.

केबिनपर्यंत एकशे बारा पायऱ्यांची उभी शिडी होती. सहाला एकदा चढलं की साडेअकराच्या जेवणापर्यंत उतरायचं नाही, हा वरच्याचा शिरस्ता. उतरून परत चढायला वीस मिनिटं जात. तोवर खाली ट्रकांची रांग लागे आणि भोंगे सुरू होत. वर संडास नव्हता, म्हणून पाणीही तो जपूनच प्यायचा. उजवा हात लिव्हरवर. तो उचलला की क्रेन जागच्या जागी थांबते, तिची रचनाच तशी असते. तेव्हा जे काही खायचं ते डाव्या हातानं आणि नजर हुकावरून न काढता. अशा वेळी बिस्किटांचा पुडा बरा पडतो. बिस्किटं आणि थर्मासमधला गोडमिट्ट चहा, यावर त्यानं सतरा वर्षं सकाळ काढली. साडेअकराला तो जेवणावर तुटून पडे. संध्याकाळी गेटासमोरच्या गाडीवरचं तळण खाई, आणि घरी आल्यावर पुन्हा पोटभर जेवून तसाच आडवा होई. अंगमेहनत करणाऱ्याला सगळं पचतं, असं तो म्हणायचा. पण त्याची मेहनत बसून होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

आदल्या वर्षीच्या तपासणीत यार्डाच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं होतं, साखर काठावर. पुढच्या वर्षी वाढलेली दिसली तर खाली. खाली म्हणजे जमिनीवरचं काम आणि कमी पगार. तेव्हापासून वरचा रोज पहाटे बोटं भिंतीला टेकवून हात कापतो का ते पाहू लागला. कोणाला न सांगता तो दुसऱ्या वस्तीतल्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "जेवणाआधी घ्यायची. आणि गोळी घेतली की खायचंच. चुकवायचं नाही." त्यानं गोळी तेवढी लक्षात ठेवली.

या वर्षीच्या तपासणीची तारीख लागली आणि त्याची झोप उडाली. पंधरा दिवस उरले होते. त्यानं हिशेब केला तो क्रेनवाल्याचा. ओझं जड असेल तर दोन्हीकडून कमी करायचं. गोळीनं साखर उतरते, उपाशी राहिलं तरी उतरते. दोन्ही एकदम केलं तर दुप्पट उतरेल. त्यानं बिस्किटं सोडली. पहाटे गोळी घेऊन तो बिनसाखरेचा काळा चहा प्यायचा आणि बायकोनं दिलेला डबा यार्डातल्या कुत्र्यांपुढे रिकामा करायचा.

"हल्ली डबा अगदी चाटूनपुसून येतो हो," बायको कौतुकानं म्हणाली.

"चव आलीय तुझ्या हाताला," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला हुकाला लोखंडी पाइपांचा जुडगा होता. तीन टन. खाली उभ्या ट्रकचा ड्रायव्हर नियम मोडून आपल्या जागेवर बसून राहिला होता, आणि खालचा त्याला हाकलायला निघाला होता. तेवढ्यात वरच्याला घाम फुटला. केबिनमध्ये ऊन नव्हतं, तरी कपाळावरून धारा लागल्या. जीभ जड झाली. त्यानं खाली पाहिलं तर खालचे दोन दिसले, दोघेही ट्रककडे चाललेले. लिव्हरवरची बोटं नाचत होती. नखं मुठीवर टकटक वाजत होती आणि तो आवाज त्याला भिंतीतून येतोय असं वाटलं.

त्याला क्रेन शिकवणारा म्हातारा म्हणायचा, "शंका आली की हात काढ. लोक शिव्या देतील, देऊ दे." त्यानं हात काढला. क्रेन थांबली. पाइप ट्रकच्या टपाच्या वर अधांतरी हेलकावे खात राहिले. इकडे, तिकडे. पुन्हा इकडे. ट्रकमधला माणूस मात्र मान खाली घालून मोबाइल बघत बसला होता.

खालच्यानं वर पाहिलं. त्यानं सरकवायचा इशारा केला, मग उतरवायचा. वरून काहीच नाही. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. त्यानं ड्रायव्हरची कॉलर धरून त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढलं आणि शिडी धरली. त्याचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. एक पायरी चढायची, दुसरा पाय ओढून घ्यायचा, असा तो एकशे बारा पायऱ्या चढला.

"काय रे, झोपलास की काय?" दारातून तो ओरडला. मग त्यानं चेहरा पाहिला. "सकाळपासून काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि काल?"

"रात्री दोन घास."

"गोळी घेतोस ना साखरेची? मला सगळं ठाऊक आहे. खिशातलं पाकीट दिसतं मला. आज घेतलीस?"

वरच्यानं मान डोलावली. खालच्यानं खांद्यावरच्या पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला.

"पी."

"साखर आहे यात."

"म्हणूनच पी, गाढवा! माझी आई याच गोळीवर होती. एकदा जेवली नाही तर तोंडात साखर भरावी लागली तिच्या. पी सगळा."

कप वरच्याच्या दातांवर वाजला. निम्मा चहा शर्टावर सांडला. पंधरा मिनिटांनी खालचा एकच दिसू लागला. मग त्यानं आपल्या डब्यातलं अर्धं वरच्याच्या पुढ्यात ठेवलं आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिला.

"आता उतरवतो ते," वरचा लिव्हरकडे वळत म्हणाला.

"हात लावशील तर तंगडं मोडीन. माझं मोडलंच आहे, जोडीला तुझं."

बाजूच्या क्रेनवरचा माणूस येऊन माल उतरवून गेला. सुपरवायझरनं खालून एवढंच पाहिलं होतं की क्रेन मध्येच थांबली. त्यानं वहीत 'बिघाड' असं लिहिलं आणि मेकॅनिकला बोलावलं. दुपारभर मेकॅनिक मोटरमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला काही सापडत नव्हतं, आणि सापडणारही नव्हतं.

वरचा भिंतीच्या सावलीत बसून त्याच्याकडे बघत राहिला. गप्प बसलं तर निभावून जाणार होतं. पोराची फी, घराचं भाडं, सगळं त्या एका लिव्हरला टांगलेलं होतं. पण पाइप त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

खालचा गुडघा चोळत शेजारी बसला. "मी खोटं बोलणार नाही आणि चहाडीही करणार नाही. तुझं तू बघ. पण उद्या तू वर गेलास तर खाली उभा मी असणार, एवढं ध्यानात ठेव."

पाळी सुटताना वरचा सुपरवायझरच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मेकॅनिकला घरी जाऊ द्या. मशीन ठीक आहे. बिघाड माझ्यात आहे."

सुपरवायझरनं सगळं ऐकून घेतलं, वहीतला शब्द खोडला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर लिहून देईपर्यंत खाली. तारांना ग्रीस लावायचं."

घरी सांगायला त्याला त्याहून जड गेलं. बायको कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायची. हातातला तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे पाच दिवस मी कुत्र्यांचा स्वयंपाक करत होते? निदान आवडला का त्यांना?" हसली मात्र नाही. रात्री ती भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ जागी होती.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन त्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, वेळा ठरवून दिल्या. थोडं थोडं, ठरल्या वेळी. पोटात टिकेल असं. पाणी भरपूर. तळण बंद. त्यांनी विचारलं, "बसून कधी जेवता?" तो म्हणाला, "दिवसभर बसूनच असतो की." बायको ओरडली, "अहो, त्या विचारतायत काय!"

घरी आल्यावर ती स्टुलावर बसली. उजव्या मुठीत तिनं पळी घट्ट धरली, नजर खिडकीबाहेरच्या खांबावर लावली आणि डाव्या हातानं एकेक पदार्थ खाऊन पाहू लागली. संत्रं बाद, सोलायला दोन हात लागतात. दही बाद, सांडतं. कुरकुरीत काही बाद, चुरा लिव्हरमध्ये जाईल. सोलून अर्धं केलेलं उकडलेलं अंडं पास झालं. भाजलेले शेंगदाणे, काकडीचे आणि गाजराचे बोटभर तुकडे, सफरचंदाच्या फोडी पास झाल्या. दोन खणांचा डबा ठरला. एक खण साडेसातचा, एक नऊचा. शेवटी तिनं त्याच्या शर्टाच्या खिशाला झाकण शिवलं, बटण लावलं आणि आत साखरेची पुडी ठेवली. हात कापले तर उघडता यावं म्हणून बटण तिनं मोठं निवडलं.

जमिनीवर त्याचे चार महिने गेले. त्या महिन्यांत त्याला एक गोष्ट कळली, ती सतरा वर्षांत कळली नव्हती. खालून वजन कसं दिसतं, ते. डोक्यावरून माल गेला की त्याची मान आपोआप खांद्यात जाई, हातातली ग्रीसची चिंधी गळून पडे. वर बसलेल्या माणसानं आज काही खाल्लं असेल का, हाच विचार. खालचा सतरा वर्षं असाच उभा होता. खाली उभं राहून कसं वाटतं, हे वरच्यानं त्याला कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात डॉक्टरनं 'चालेल' असं लिहिलं. सुपरवायझरनं कुरकुरत नऊला खाण्यासाठी दहा मिनिटं काम थांबवायला मान्यता दिली. पहिल्या दिवशी वरचा शिडीच्या साठाव्या पायरीवर पोचला. तो तिथेच थांबला, त्यानं खिशाचं बटण चाचपलं, आणि मग तो चढला.

नऊला खालच्यानं दोन्ही हात वर करून काम थांबवलं. हुक रिकामा होता. मग त्यानं एक नवाच इशारा केला. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. खा. ट्रकवाले भोंगे वाजवत होते. वरच्यानं हुक रिकामा आहे हे पुन्हा एकदा पाहिलं, लिव्हरवरचा हात काढला आणि दुसरा खण उघडला. त्यानंतर सहा वर्षं तो इशारा एक दिवस चुकला नाही. भीतीही चुकली नाही. ती त्याच्याबरोबर रोज शिडी चढायची आणि रोज उतरायची.

सतरा आणि सहा अशा तेवीस वर्षांच्या पगारातून भाडं गेलं, पोराचं शिक्षण होऊन तो परगावी नोकरीला लागला, औषधं आली. त्या घरात कधी कोणी समोरासमोर बसून जेवलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला आणि बायको ओट्याशी उभी, असंच चाललं होतं. शेवटच्या पगारातून त्यानं एक लाकडी टेबल घेतलं आणि तीन खुर्च्या. तिसरी रविवारी जेवायला येणाऱ्या खालच्यासाठी, त्याला पाय लांब करता यावा अशी.

पहिल्या संध्याकाळी ताट वाढल्यावर वरच्यानं उजव्या हाताची बोटं टेबलावर अलगद टेकवली आणि श्वास रोखला.

"वाजत नाहीत," बायको म्हणाली. "इतकी वर्षं भिंतीवर ऐकते मी. खा आता."