मावशींचा पिठाचा डबा

परमुलखात चार घरं एकत्र आली की नातेवाईक व्हायला वेळ लागत नाही, आणि नातेवाईक झाले की किस्से साचायला लागतात! ऐंशी सालाच्या आसपास नगर-जालन्याकडून नोकरीसाठी मध्य प्रदेशातल्या देवासला आलेली आम्ही पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं. चर्च नव्हतं. विधवा सुगंधामावशींची एक खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे उपासना, पलीकडे स्वयंपाक. महिन्यातून एकदा इंदूरहून पाळकसाहेब बसने यायचे.

* * *

मावशी प्रार्थनेत सगळं नावानिशी मागायच्या. रॉकेल, गूळ, मुलाच्या, म्हणजे सुधाकरच्या, चपला!

पाळकसाहेब एकदा हळूच म्हणाले, "मावशी, आपल्या गरजा देवाला आधीच ठाऊक असतात."

"असतात हो! पण सगळ्या दुनियेचं त्याला एकट्यालाच बघायचंय. आठवण नको करायला?"

* * *

एका रविवारी पाळकसाहेब रंगात आले होते. विषय होता, 'उद्याची चिंता करू नका.' मध्येच मावशी उठल्या.

"साहेब, उद्याची न्हाई, आत्ताची चिंता हाय. नळ आला!"

देवासचा नळ तो, गेला की गेला! अख्खी मंडळी बादल्या घेऊन पळाली. रांगेतला शेजारी माळवी थाटात पाळकसाहेबांना म्हणाला, "भिया, बाल्टी आगे सरकाव!" त्यांनी सरकवली. उपासनेचा शेवटचा आशीर्वाद त्या दिवशी नळावरच झाला.

* * *

कापणीच्या सणाला पहिलं पीक देवाला द्यायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा, ही आमची रीत. कारखान्यातल्या माणसाला शेत कुठलं! पण आमच्या वामनरावांनी क्वार्टरच्या छपरावर वेल चढवला होता. त्याचा एकुलता एक भोपळा त्यांनी मोठ्या अभिमानाने आणला.

जो घेईल तो भक्तिभावाने परत अर्पण करी, की पुन्हा लिलाव! खोलीभर फिरून भोपळा शेवटी वामनरावांच्याच मांडीवर आला.

त्यांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "मी सकाळीच सांगत होते, घरीच भाजी करू!"

* * *

एकदा गंधवानीकडच्या एका खेड्यात प्रार्थनेला गेलो. येशूने पाच भाकरी आणि दोन माशांत हजारोंना जेवू घातलं आणि वर टोपल्या उरल्या, यावर उपदेश सुरू होता आणि गर्दी वाढत होती. वामनरावांनी आपला जेवणाचा डबा हळूच पायामागे सरकवला आणि पुटपुटले, "हा चमत्कार आजच होऊ दे रे देवा!"

उपदेश संपला आणि गावकऱ्यांनीच मक्याच्या रोट्यांची गाठोडी सोडली. आग्रह करकरून आम्हाला वाढलं. परतताना बसमध्ये वामनरावांचा भरलेला डबा तसाच.

"टोपल्या उरल्या होत्या म्हणतात ना," ते ओशाळून म्हणाले, "त्यातली ही एक."

* * *

मग सुधाकरचा कारखाना बंद पडला. तो काम शोधायला भोपाळला गेला. मावशी एकट्या, आणि बाणा असा की, "ज्या दिवशी कुणापुढं हात पसरावा लागंल, त्या दिवशी जालन्याची बस धरीन!" मावशी गेल्या तर आमची मंडळी मोडलीच म्हणून समजा. आम्हा सगळ्यांना त्याच एका गोष्टीची धास्ती होती.

पण दर रविवारी मावशी उभ्या राहून साक्ष द्यायच्या, "देव विश्वासू हाय. डब्यातलं पीठ सरलं न्हाई!"

मी आणि बायको खाली मान घालून हसायचो. बायको बायबलच्या पिशवीतून पीठ न्यायची आणि पडद्याआड जाऊन डब्यात ओतायची!

एकदा ती आत गेली, तर वहिनींचा हात डब्यात!

"वहिनी, पीठ काढताय?"

"अहो, टाकतेय!"

बायकोचं गव्हाचं, वहिनींचं ज्वारीचं. दोघी बाहेर आल्या आणि समोर पाळकसाहेब. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीला कोपरापर्यंत मक्याचं पीठ!

वामनरावांच्या पोटात काही राहत नाही. त्याच रविवारी मावशींची साक्ष संपताच ते बोलून गेले, "मावशी, ते पीठ आम्हीच टाकत होतो हो!"

आता मावशी ट्रंक ओढणार, असंच वाटलं.

मावशींनी पदर खोचला. "साहेब, एलीया संदेष्टा ओढ्याकाठी उपाशी बसला व्हता, तवा त्याला भाकर कुणी धाडली?"

"देवाने."

"आणली कुणी?"

"कावळ्यांनी."

"मग बसा, कावळ्यांनो! ताटं मांडते."